सशर्त वापर परवाना

एखाद्या विभागात सरसकट मुभा नसलेल्या, परंतु विशिष्ट अटींवर सामावून घेता येण्यासारख्या भूमिवापरास स्थानिक शासनाने दिलेली परवानगी. नागरी जमिनीचे निवासी, व्यापारी, औद्योगिक असे विभाग पाडून प्रत्येक विभागातील वापर नियमाने ठरवून देण्याच्या पद्धतीचा हा पूरक भाग होय. ही पद्धत मुख्यत्वे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत रूढ असून काही राज्यांत तिला ‘विशेष वापर परवाना’ किंवा ‘विशेष अपवाद’ असेही म्हणतात.

न्यूयॉर्क शहराने १९१६ मध्ये संपूर्ण शहरास लागू होणारी विभागणी नियमावली केली. ओहायओ राज्यातील युक्लिड गावासंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९२६ मध्ये अशी विभागणी संविधानास धरून असल्याचा निर्णय दिला. तथापि केवळ विभाग पाडून सर्व प्रश्न सुटत नाहीत. शाळा, प्रार्थनास्थळे, रुग्णालये, पाळणाघरे, पेट्रोलपंप इत्यादींची वस्तीला गरज असते; पण त्यांमुळे रहदारी व गोंगाट वाढून शेजाऱ्यांना उपद्रवही होऊ शकतो. त्यांना सर्वत्र मोकळीक देणे किंवा सर्वत्र मज्जाव करणे, हे दोन्ही अयोग्य ठरते. म्हणून संघराज्याच्या वाणिज्य खात्याने राज्यांसाठी तयार केलेल्या नमुना अधिनियमात योग्य अटींवर विशेष अपवाद करण्याचा अधिकार स्थानिक मंडळास देण्याची तरतूद होती.

परवान्यासाठी मिळकतीचा मालक किंवा त्याच्या संमतीने अन्य व्यक्ती नकाशांसह अर्ज करते. नियोजन विभागाच्या छाननीनंतर शेजाऱ्यांना सूचना देऊन जाहीर सुनावणी होते. उदा., कॅलिफोर्निया राज्यात ३०० फुटांच्या (सु. ९१ मी.) आतील मिळकतींच्या मालकांना किमान १० दिवस आधी सूचना द्यावी लागते. नियोजित वापर नगराच्या विकास आराखड्याशी सुसंगत आहे काय आणि परिसराच्या आरोग्यास, सुरक्षिततेस वा स्वास्थ्यास तो बाधक ठरेल काय, यांचा विचार करून नियोजन मंडळ किंवा तत्सम अधिकारी सकारण निर्णय देतात. कामाच्या वेळा, वाहनतळ, कुंपण, दिव्यांची मांडणी, गोंगाटाची मर्यादा अशा स्वरूपाच्या अटी घातल्या जातात. परवाना सामान्यतः व्यक्तीस नसून जमिनीस जोडलेला असतो. त्यामुळे मिळकत विकली, तरी तो अटींसह नव्या मालकाकडे जातो. अटींचा भंग झाल्यास सूचना व सुनावणीनंतर तो रद्द करता येतो.

नियमातील सवलत ही याहून वेगळी होय. जमिनीच्या विशिष्ट आकारामुळे किंवा उतारामुळे नियम पाळणे अवाजवी त्रासाचे होत असल्यास सवलत मिळते. सशर्त वापरात अर्जदारास असा त्रास सिद्ध करावा लागत नाही. कारण तो वापर त्या विभागात तत्त्वतः ग्राह्य असल्याचे नियमावलीनेच मानलेले असते. प्रश्न असतो तो विशिष्ट जागेचा व अटींचा.

या पद्धतीत स्थानिक मंडळास मोठा स्वेच्छाधिकार मिळतो आणि त्याचा दुरुपयोगही संभवतो. टेक्सस राज्यातील क्लेबर्न शहरात मतिमंद प्रौढांच्या निवासगृहासाठी विशेष परवाना मागण्यात आला. त्यासाठी २०० फुटांच्या (सु. ६१ मी.) आतील मालकांच्या सह्या आणणे आवश्यक होते. शेजाऱ्यांच्या विरोधाचे कारणही पुढे करून नगरपरिषदेने परवाना नाकारला. त्याच विभागात वसतिगृहे, रुग्णालये व शुश्रूषागृहे यांना मात्र अशा परवान्याची गरज नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये ही अट तेथे केवळ पूर्वग्रहातून लावल्याचे सांगून ती अवैध ठरविली. अटींनाही मर्यादा आहेत. परवान्याच्या मोबदल्यात जमीन किंवा वहिवाटीचा हक्क मागितल्यास त्या मागणीचा नियोजित बांधकामाच्या परिणामांशी संबंध असला पाहिजे, असे त्या न्यायालयाने १९८७ मध्ये, तर ती परिणामांच्या ढोबळ प्रमाणात असली पाहिजे, असे १९९४ मध्ये सांगितले.

शेजाऱ्यांचे म्हणणे ऐकणे हा या पद्धतीचा आवश्यक भाग असला, तरी त्यांच्या विरोधाचे प्रमाण हा निर्णयाचा आधार नव्हे. जागेविषयीचा पुरावा व पूर्वघोषित निकष यांवर निर्णय आधारलेला असेल, तरच सोयींची गरज आणि वस्तीची शांतता यांचा मेळ या परवान्याद्वारे घालता येतो. अन्यथा नकोशा वाटणाऱ्या लोकांना दूर ठेवण्याचे ते साधन बनते.