साइड ड्रम कुणाच्या गळ्यात?

ऑगस्टचा पहिला आठवडा म्हणजे आमच्या आसगावकडे रोवणीची नुसती धांदल. बांध्या पाण्यानं भरलेल्या, बाया चिखलात वाकलेल्या, डोक्यावर प्लास्टिकचे मोऱ्हे, आणि लांबून कुठून तरी शाळेच्या मैदानावरचा ड्रम ऐकू येतो. ढम... ढम... ढमढमढम. पंधरा ऑगस्टची तयारी! हा आवाज ऐकला की हातातलं काम टाकून मी दोन मिनिटं तरी थांबतेच. कारण एकेकाळी त्या बँडमध्ये मीही होते. काय वाजवायची? ट्रँगल! सलग तीन वर्षं. सरांनी खूण केली की 'टिंग', परत खूण केली की परत 'टिंग'. साइड ड्रम मुलांच्या गळ्यात, मोठा ड्रम सगळ्यात दांडगट मुलाच्या पोटावर, बिगुल मुलांकडे. आम्हा मुलींना झांजा, ट्रँगल आणि पुढे धरायचा फलक. असा काही नियम कुणी लिहून ठेवलेला नव्हता बरं का. पण तसंच चालायचं, आणि आम्हालाही त्यात काही वावगं वाटायचं नाही.

पुढे लग्न झालं. नवऱ्याची बँकेत नोकरी, दर तीन-चार वर्षांनी बदली. त्यामुळे आमच्या लेकीच्या शाळा बदलत गेल्या आणि शाळेबरोबर तिचा 'बँड'ही बदलत गेला. मला आधी वाटायचं, शाळेचा बँड म्हणजे सगळीकडे सारखाच असणार. तेच ड्रम, तेच बिगुल. पण नाही हो, मैत्रिणींनो. भाषा जशी बारा कोसांवर बदलते ना, तसंच याचंही आहे.

सांगली जिल्ह्यात होतो तेव्हा लेक पाचवी-सहावीत. पहिल्याच आठवड्यात घरी येऊन म्हणाली, "आई, इथे बँड नाही, लेझीम आहे." लाकडी दांडा, लोखंडी साखळी आणि तिच्यात ओवलेल्या चकत्या. साथीला हलगी आणि घुमकं. हलगीनं लय धरली की शंभरेक मुलं-मुली एकदम खाली वाकतात, एकदम वळतात, आणि साखळ्यांचा जो एकच 'छन्न' होतो, त्यानं अंगावर काटा येतो. त्या मुलखात घरोघरी लेझमीचा अभिमान. १९८२ साली दिल्लीला एशियाड झालं, त्याच्या उद्घाटनात सांगलीकडच्या लेझीमपटूंनी खेळ करून दाखवला होता. तिकडची जुनी माणसं आजही ते काल घडल्यासारखं सांगतात. आणि तिथे मुलगा-मुलगी भेद मला फारसा दिसला नाही. लेझीम सगळ्यांच्याच हातात. मात्र हलगी वाजवणारा माणूस बाहेरून बोलावलेला असायचा. हे मी तेव्हा पाहिलं, पण त्यावर विचार केला नाही.

आता गंमत बघा. लेझीम पश्चिम महाराष्ट्राची म्हणतात खरी, पण ती शाळाशाळांत पोचवण्यात आपल्या विदर्भाचाही वाटा आहे. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केलं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकानं तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली होती. तिथून शिकून बाहेर पडलेले किती तरी पी.टी.चे मास्तर गावोगावच्या शाळांत गेले. आम्हाला कवायत शिकवणारे सरही अमरावतीचेच!

मग पुणं. तिथलं सगळंच भव्य. लेक सातवीत गेली आणि ढोल-ताशाचं वेड घेऊन बसली. पुण्याच्या पथकांची गोष्ट शाळेपासूनच सुरू होते. आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली ज्ञानप्रबोधिनी स्थापन केली. तिथल्या मुलांनी गणपतीच्या मिरवणुकीत शिस्तीत ढोल वाजवायला सुरुवात केली, आणि मग इतर शाळा, त्यांचे माजी विद्यार्थी असं करत करत पथकं वाढली. आज तर नऊवारी नेसून कमरेला ढोल बांधलेल्या मुलींचे फोटो दर गणपतीत छापून येतात. तिथे ठेक्यांना 'हात' म्हणतात. ढोल एका बाजूनं टिपरूनं वाजवायचा, दुसऱ्या बाजूनं तळहातानं. रात्री लेकीच्या बोटांना हळद-तेल लावताना मी कुरकुर करायची, पण मनातून बरं वाटायचं. आपल्या हातात ट्रँगल होता, हिच्या कमरेला ढोल आहे! आवाज मात्र जरा जास्तच होतो बाई त्यांचा. ते मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

दोन वर्षांपूर्वी सासूबाईंची तब्येत बिघडली आणि आम्ही कायमचे आसगावला परतलो. लेक इथे जवळच्याच एका शाळेत जायला लागली. आणि परत तोच साइड ड्रम, तोच बिगुल, तोच "लेफ्ट-राइट-लेफ्ट". आपल्याकडे हे असं का? माझा आपला अंदाज सांगते. पुण्याला गणपतीची मिरवणूक, सांगली-कोल्हापूरला तालमी, तसं आपल्याकडे नागपूर. मध्यप्रांताची राजधानी, सरकारी दरबार, पोलिसांचं संचलन. शेजारी कामठीला १८२१ पासून लष्कराची छावणी. शिवाय १९४८ मध्ये एन.सी.सी. आली, १९४९ मध्ये तिच्यात मुलींचा विभाग झाला. त्यामुळे आपल्याकडच्या शाळेचा बँड हा थेट परेडचा बँड. मोठ्या ड्रमच्या ठोक्यावर डावा पाय पडलाच पाहिजे! वरातीत मात्र आपण धुमालवर नाचतो, ती गोष्ट वेगळी. आणखी एक गंमत म्हणजे भंडारा हे पितळेच्या भांड्यांसाठी नाव कमावलेलं शहर, पण आपल्या खेड्यांतल्या शाळांच्या बँडमध्ये पितळेचं वाद्य म्हणाल तर एखादा पोचे पडलेला बिगुल आणि झांजा.

गडचिरोलीकडच्या आश्रमशाळांत गेलात तर पाहुण्यांचं स्वागत मुली रेला नाचून करतात. गोव्यात पोर्तुगीजांच्या काळापासून चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवत. म्हणून तर मुंबईच्या सिनेमासंगीतात व्हायोलिन, ट्रम्पेट वाजवणारे इतके गोवेकर होते. आणि माझी एक मामेबहीण टेक्सासात असते, ती सांगते की तिकडे हायस्कुलाचा बँड म्हणजे गावाची इज्जत! फुटबॉलच्या सामन्याच्या मध्यंतरात दोनदोनशे पोरं मैदानावर उतरतात. त्यातही टेक्सासच्या पूर्व भागातल्या बऱ्याच शाळा लष्करी पद्धतीनं कडक चालतात, बाकीच्या नाटकासारखे आकार रचतात. पैसे कमी पडले की आईबाप सामन्याच्या वेळी खाद्यपदार्थांचे स्टॉल लावतात. मी म्हटलं, म्हणजे आमच्या बचत गटाचे पापड-कुरड्याच की!

तर मूळ मुद्द्यावर येते. लेकीनं पहिल्याच दिवशी हात वर केला, "सर, मी साइड ड्रम." सर काही वाईट नव्हते. म्हणाले, वाजवून दाखव. तिनं दाखवलं. तिच्याबरोबर तिच्या वर्गातली एक मैत्रीण उभी राहिली. तिनं काड्या हातात घेतल्या आणि सगळे गप्प झाले म्हणे. कुठे शिकली नव्हती, पण हात असा की ऐकत राहावं. दोघींची निवड झाली.

घरी आल्यावर आमच्याकडे रामायण. सासूबाई म्हणाल्या, "पोरीच्या जातीनं डफडं वाजवाचं? लोक का म्हणतीन?" मी समजावलं, "आई, डफडं नाही, ड्रम आहे." त्या म्हणाल्या, "कातडं बडवनंच ना थे?" आता त्या ड्रमवर कातडंही नसतं, प्लास्टिकचा पडदा असतो. पण हे त्यांना कोण सांगणार!

मैत्रिणीच्या घरचा विरोध मात्र वेगळाच निघाला, आणि त्यानं मला खरोखर गप्प केलं. तिची आजी म्हणाली, "बाई, आमच्या मागच्या लोकांनी थे सोडलं. आता माह्या नातीनं कायले धरावं?" पूर्वी गावात डफडं वाजवणं हे काही घरांच्या माथी मारलेलं काम होतं. लग्न असो की मयत, बोलावणं आलं की जायचं, आणि बदल्यात मिळेल ते शिळंपाकं घ्यायचं. १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी दीक्षा दिली, त्यानंतर किती तरी घरांनी डफडं कायमचं ठेवून दिलं. आजीच्या सासऱ्यांनीही तेच केलं होतं. माझ्या सासूबाईंना वाटत होतं, हे आपलं काम नाही. त्या आजीला वाटत होतं, हे आता आमचं काम नाही. एकाच ड्रमला दोन बाजूंनी नकार! पण दोन्ही नकार सारखे नव्हते. आमचा नुसता तोरा होता. त्यांच्या नकारामागे दोन पिढ्यांचा स्वाभिमान होता. मी काय बोलणार त्यांना? नुसता चहा पिऊन परत आले.

त्यात रोवणी. ती मुलगी आईबरोबर रोवणीला जायची, घरात तेवढाच पैसा. बँडची तालीम शाळा सुटल्यावर, आणि ही आठ-आठ दिवस शाळेतच नाही. सर म्हणाले, तालमीला नाही तर पथकात नाही. त्यांचंही खरं. पण मग दरवर्षी पंधरा ऑगस्टला ड्रम कुणाच्या गळ्यात जाणार? ज्याला बांधीत जावं लागत नाही त्याच्याच.

हा विषय मी आमच्या बचत गटाच्या बैठकीत काढला. गटातल्या निम्म्या बायांच्या पोरी रोवणीला जाणाऱ्या. आम्ही चौघी-पाचजणी शाळेत गेलो आणि म्हटलं, सर, तालीम सकाळी साडेसहाला घ्या, पोरी तालीम करून बांधीत जातील. सरांनी जरा आढेवेढे घेतले, कारण ते येतात पवनीहून. पण कबूल झाले. गटानं दोन ड्रमचे फाटलेले पडदे बदलून दिले.

आजीचा प्रश्न आम्ही कुणीच सोडवला नाही, तो नातीनंच सोडवला. एके दिवशी तिनं माझ्या लेकीच्या मोबाईलवर आजीला एक व्हिडिओ दाखवला. २६ जानेवारी २०२५, दिल्लीचं संचलन. झारखंडमधल्या पटमदा या गावच्या कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयाच्या मुली राष्ट्रपतींसमोर बँड वाजवत होत्या. कस्तुरबा विद्यालयं म्हणजे गरीब, दलित-आदिवासी घरच्या मुलींच्या निवासी शाळा. देशभरातल्या शाळांची बँड स्पर्धा होते आणि तिच्यात मुलींचा वेगळा गट असतो, हेही मला तेव्हाच कळलं. नात म्हणाली, "आजी, इथं कोनी बोलावून शिळं देत नाही. युनिफॉर्मवर वाजवतेत. आन् पोलीस भरतीत बँड्समनची जागा असते, पगार भेटते." आजी हो म्हणाली नाही. पण दुसऱ्या दिवशी पहाटे नातीला उठवलं मात्र तिनंच.

पंधरा ऑगस्टला पाऊस. ड्रमवर खताच्या पिशव्यांचं प्लास्टिक बांधून पोरींनी प्रभात फेरी काढली. माझी लेक दुसऱ्या रांगेत, तिची मैत्रीण पहिल्या रांगेत उजवीकडे. सासूबाई ओट्यावर खुर्ची टाकून बसल्या होत्या. "आवाज बराबर निंगते हो पोरीचा," एवढंच म्हणाल्या. ती आजी शाळेच्या फाटकापाशी उभी होती, डोक्यावर पदर घेऊन, भिजत. मी छत्री घेऊन तिच्याजवळ गेले. फेरी पुढे गेली, आवाज वळणाआड झाला, तरी तिची नजर तिकडेच. मग हळूच माझ्याकडे वळून म्हणाली,

"बाई, त्या पोलिसाच्या बँडवाल्याले पगार किती असते वो?"