पंचवीस टक्क्यांची जागा आणि पोराचा छळ

(शेती विभागाकडून)



या पानावर आपण बहुधा बेणे, खते आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी बोलतो. आजचा विषय वेगळा आहे, पण तो आपल्या घरातलाच आहे. जमिनीचा तुकडा दोघा भावांना पुरेना, म्हणून एक ऊस बघायला गावी राहिला आणि दुसरा मुंबई-ठाण्याकडे गेला, अशी घरे आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यातले बरेच डोंबिवलीला, एमआयडीसीच्या आसपास स्थिरावले. उसाचे बिल निघाले की त्यातले चार पैसे तिकडच्या पोरांच्या शाळेला जातात. तेव्हा तिथल्या शाळेत पोराचे काय चालले आहे, हे गावाकडच्या माणसालाही ठाऊक असावे.

मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या १२ व्या कलमाप्रमाणे खाजगी विनाअनुदानित शाळेने पहिल्या वर्गातल्या निदान २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना द्यायच्या आणि आठवीपर्यंत मोफत शिकवायचे. अल्पसंख्याकांच्या विनाअनुदानित शाळांना यातून सूट आहे. आपल्या राज्यात या जागांची ऑनलाइन सोडत निघते. आर्थिक दुर्बल घटकासाठी वर्षाला एक लाख रुपयांची उत्पन्नमर्यादा आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना ती अट नाही. फीची भरपाई सरकार ठरलेल्या दराने थेट शाळेला करते. ही एक प्रकारची शिष्यवृत्तीच; फक्त पैसा पालकाच्या हातात येत नाही.

सोडतीत नंबर लागला की घरात पेढे वाटतात, आणि ते साहजिक आहे. पण पुढची गोष्ट कोणी सांगत नाही.

माझ्या नात्यातलेच एक कुटुंब तिथे आहे. बाप कंपनीत कंत्राटावर, आई पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटते. मुलाला एका खाजगी शाळेत अशी जागा मिळाली. दुसरीपर्यंत ठीक चालले. तिसरीत वर्गातल्या पोरांना कळले, की याची फी भरली जात नाही. मग ‘फुकट्या’ हे त्याचे नाव पडले. सहलीला नाही आला, की टर. वाढदिवसाला चॉकलेटे नाही वाटली, की टर. डब्यातली भाकरी बघून नाक मुरडायचे, दप्तर लपवायचे, खेळात घ्यायचे नाही. पोरगं रोज सकाळी पोट दुखतं म्हणायला लागलं. डॉक्टरला काही सापडेना.

आई म्हणाली, “नको ती शाळा. माझं पोर सुकत चाललंय.” बाप म्हणाला, “अशी जागा पुन्हा मिळायची नाही. थोडं सोसलं पाहिजे.” दोघेही पोराच्या भल्याचेच बोलत होते. पण घरात अबोला धरला गेला, आणि पोराला वाटले, की हे सगळे आपल्यामुळे झाले.

बापाच्या बोलण्यात तथ्य होते. कायद्याचे पाचवे कलम मुलाला एका शाळेतून दुसरीत जाण्याचा हक्क देते. पण तो सरकारी, महापालिकेच्या वा अनुदानित शाळेत जाण्याचा. दुसऱ्या खाजगी विनाअनुदानित शाळेत ही जागा बरोबर नेता येत नाही. म्हणजे सवलत त्या एका शाळेला बांधलेली. त्यात राज्य सरकारने ९ फेब्रुवारी २०२४ ला नियम बदलून, ज्यांच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे त्या खाजगी शाळांना यातून वगळले. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ ला तो बदल रद्द ठरवला. पण हाताशी आलेले जाऊ शकते, ही धास्ती पालकांच्या मनात बसली. मग तक्रार कोण करतो?

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याने २०१८ साली उलट वाट धरली. सरकारी शाळेत ज्याला मारहाण झाली किंवा ज्याचा छळ झाला, त्याला खाजगी शाळेत जाण्यासाठी ‘होप’ नावाची शिष्यवृत्ती सुरू केली. मोटार घेणारा आपल्या विक्रीकरातले १०५ डॉलरपर्यंत त्या निधीला देऊ शकत असे. तिथे पैसा मुलाबरोबर चालला. पालकाला सुटकेची वाट मिळाली, हे खरे. पण फी जास्त असली तर फरक घराने भरायचा, आणि छळणारी पोरे जुन्या शाळेत होती तिथेच राहिली. तेव्हा नुसता पैसा सगळे भागवत नाही, तिथेही नाही आणि इथेही नाही.

लागणीत तूट पडली की आपण नांग्या भरतो. नांगीचे रोप उशिरा लावले, की शेजारचा ऊस त्याला सावलीत दाबतो. म्हणून आपण त्याच वयाचे पिशवीतले रोप लावतो आणि फूट धरेपर्यंत लक्ष ठेवतो. कायद्याने मुलाला पहिलीपासून, बरोबरीच्या वयात आत घेतले, हे शहाणपणाचे केले. लक्ष ठेवायचे काम मात्र शाळेचे आणि आपले.

आता करायचे काय?

१) भिऊ नका. कलम १६ प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. तक्रार केली म्हणून जागा जात नाही.

२) तक्रार तोंडी नको, लेखी द्या. तारीख घाला, पोच घ्या. कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना बंदी आहे. केंद्राच्या २०१० च्या नियमांप्रमाणे या मुलांना वेगळे बसवता येत नाही; पुस्तके, खेळ, वाचनालय यांतही दुजाभाव करता येत नाही.

३) शाळेने दाद दिली नाही, तर कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे डोंबिवलीत कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेकडे अर्ज करा. निकाल तीन महिन्यांत द्यायचा असतो. त्यापुढे राज्य बालहक्क आयोगाकडे अपील आहे. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा फोन फुकट आहे.

४) एवढे करूनही पोर सुकतच असेल, तर अनुदानित किंवा महापालिकेच्या शाळेत घाला. त्यात कमीपणा नाही. नाहीतरी नववीपासून खाजगी शाळेची फी अंगावर येणारच असते; त्याचाही हिशोब आजच करून ठेवा.

त्या मुलाच्या आईने शेवटी अर्ज लिहिला. बापाने सही केली. मुख्याध्यापकांनी वर्गशिक्षिकेला बोलावले, पोरांच्या जागा बदलल्या. चिडवणे अगदी थांबले नाही, पण डबा खायला दोघे सोबती मिळाले आणि पोटदुखी कमी झाली.

गावाकडच्या आजोबांना आणि काकांना एवढेच सांगणे आहे. सुटीत नातू आला की आपण पहिल्यांदा मार्क विचारतो. या खेपेला “डबा खायला तुझ्याबरोबर कोण बसतं?” एवढे विचारा आणि तो काय सांगतो ते ऐकून घ्या. वरच्या कलमांची मराठी प्रत कोणाला हवी असल्यास गट कार्यालयात कळवावे.