सात्यांचे ठिकाण आणि नोंदीची चिठ्ठी



सात्या आपल्या सौसर भागात कोणाला ठाऊक नाहीत? पावसाळ्यात वारुळांवर उगवणारी ही अळंबी सर्वांना ठाऊक असते. ठाऊक नसते ते तिचे ठिकाण. ज्याला ते ठाऊक असते, तो सांगत नाही. माझी आजी भल्या पहाटे टोपली घेऊन निघे आणि परतताना मुद्दाम दुसऱ्या वाटेने येई.

शाळेत असताना मी एका वहीत अळंब्यांची चित्रे काढीत असे. ती वही मध्यंतरी हाती आली. बहुतेक पानांखाली लिहिले आहे : ‘रामाकोना, जंगलात, पावसाळ्यात.’ चित्रे बरी आहेत, नोंद मात्र कुचकामाची. अळंबी मातीवर होती की लाकडावर, शेजारी कोणते झाड होते, वारूळ होते की नव्हते, यांपैकी काहीच नाही. छत्रीची खालची बाजूही मी काढली नव्हती. तेथे पातळ पापुद्रे आहेत, बारीक छिद्रे आहेत की कंगव्यासारखे दाते आहेत, यावरच तर ओळखीचा आरंभ होतो.

दातेरी अळंबीचेच उदाहरण घेऊ. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर रेडवुड या अत्युच्च वृक्षांची वने आहेत. तेथे हिड्नम नावाची दातेरी अळंबी मिळते. पाहणारा सहज लिहून जाईल, ‘रेडवुडच्या वनात.’ परंतु तिचे सख्य रेडवुडशी नाहीच; ते आहे शेजारच्या टॅनओक, डग्लस फर अशा झाडांच्या मुळांशी. रेडवुडच्या मुळांत राहणारी बुरशी निराळ्या जातीची. ती जमिनीवर छत्री उगवीत नाही. १९९५ च्या सुमारास कॅलिफोर्नियात टॅनओक रोगाने मरताना दिसू लागले. ज्या जुन्या चिठ्ठीवर टॅनओकचे नाव आहे, तीच आज त्या अळंबीच्या भवितव्याविषयी काही सांगू शकते.

आपला साग या बाबतीत रेडवुडचा भाऊबंद आहे. सालवृक्षाचे तसे नाही. त्याच्या मुळांशी अनेक अळंब्या नांदतात. बस्तरचा प्रसिद्ध बोडा हा त्यांपैकीच. पचमढीच्या बाजूस साल आहे, आपल्याकडे साग. म्हणून आपल्या रानात अळंबीचा धनी शोधायचा तो बहुधा झाडाच्या मुळाशी नव्हे, तर मेलेल्या लाकडात, कुजत्या पाल्यात किंवा वारुळात.

सात्यांचा धनी वाळवी. रॉजर हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९४२ मध्ये या कुळाला ‘टर्मिटोमायसीस’ हे नाव दिले. वाळवी वाळका पाला व लाकूड खाते आणि आपल्या विष्ठेपासून वारुळाच्या पोटात स्पंजासारखे पोळे रचते. त्या पोळ्यावर ही बुरशी वाढते; ती पाल्यालाकडातील कठीण भाग मऊ करते आणि वाळवी तिच्यावर पोसते. पावसात त्याच पोळ्यातून लांब देठ माती भेदून वर येतो. सात्या उपटताना मुळासारखी शेपटी तुटते, ती हीच. वारूळ गेले की सात्या गेल्या. पेंढ्यावर धिंगरी काढावी तशी त्यांची लागवड अद्याप कोणास साधलेली नाही.

चिठ्ठीवर गावाचे नाव तर हवेच, पण ओढा, बांध, मोठे झाड अशा खुणाही हव्यात. जिल्ह्यावर विसंबू नये. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, सौसर त्यात गेले आणि आमच्या साऱ्या जुन्या चिठ्ठ्यांवर छिंदवाडाच राहिले! आता खिशातला फोन अक्षांश-रेखांश सांगतो, तेही लिहावेत. नमुना सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवावा. पुण्याच्या आघारकर संस्थेत आजरेकरांच्या नावाचा जो बुरशीसंग्रह आहे, तोही अखेर अशा वाळक्या नमुन्यांचा आणि चिठ्ठ्यांचाच. अनोळखी अळंबी मात्र केवळ नोंदवावी, चाखू नये.

गेल्या श्रावणात मी आजीचे वारूळ शोधत कन्हानच्या बाजूला गेलो. जमीन सपाट झाली आहे, संत्र्याची कलमे ओळीने उभी आहेत. तरीही चिठ्ठी लिहिली : तारीख, बांधापासूनची पावले, आणि खाली, ‘वारूळ नाही. सात्या आढळल्या नाहीत.’ ती चिठ्ठी मी जुन्या वहीतच ठेवली आहे.