डोळा गेला की नजर गेली? दाखल्यावर काय लिहिले ते तपासा

कापडाच्या धंद्यात आमचे केस पिकले. या धंद्याने एक गोष्ट शिकवली. ताग्यावरची चिठ्ठी चुकली तर आतला माल कितीही खरा असो, भाव चिठ्ठीप्रमाणेच मिळतो. माणसाच्या शरीराला झालेल्या इजेचेही तसेच आहे, हे मात्र आम्हाला उशिरा कळले.

आमच्या यावलच्या दुकानात मालेगावचा माल येतो. तिथे मागावर काम करणारा एक कारागीर आमच्या जुन्या ओळखीचा. काही वर्षांपूर्वी चालत्या मागावरून धोटा उडाला आणि त्याच्या डाव्या डोळ्यावर बसला. बुबुळ फुटले. उजव्या डोळ्यालाही पुढे धोका नको म्हणून डॉक्टरांनी तो डोळा काढून टाकला. घरी जाताना हातात पडलेल्या इंग्रजी कागदावर एवढेच होते : 'डाव्या डोळ्याला अंधत्व.' डोळा काढल्याचा उल्लेखच नाही. तो कागद घेऊन बिचारा आमच्याकडे आला. आमचे शिक्षण उर्दू शाळेतले, म्हणून आम्ही तो एका डॉक्टर मित्राला दाखवला. मित्र म्हणाले, "हा कागद असाच पुढे गेला तर या माणसाचे नुकसान होईल."

मित्रांनी जे समजावले ते वाचक बंधूंनीही समजून घ्यावे. जगभरच्या दवाखान्यांत प्रत्येक आजाराला आणि इजेला एक संकेतांक देतात. ही पद्धत १८९३ साली मृत्यूच्या कारणांच्या यादीपासून सुरू झाली. १९४८ पासून जागतिक आरोग्य संघटना ती सांभाळते. तिच्या दहाव्या आवृत्तीत एका डोळ्याच्या अंधत्वाला 'एच ५४.४' हा अंक आहे. जन्मानंतर डोळाच गमावला असेल तर तो 'झेड ९०.०' मध्ये येतो. त्याच अंकात नाक आणि स्वरयंत्र गमावणेही मोडते. अमेरिकेने आपल्या आवृत्तीत डोळ्यासाठी वेगळा 'झेड ९०.०१' केला आहे. कृत्रिम डोळा बसवला की 'झेड ९७.०'. जन्मतःच डोळा नसेल तर तो 'क्यू ११' मध्ये जातो. अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली, तरी पुष्कळ कागदांवर अजून दहावीचेच अंक दिसतात.

नवाब पतौडी यांचे उदाहरण घ्या. १९६१ साली इंग्लंडमध्ये मोटार अपघातात काच लागून त्यांच्या उजव्या डोळ्याची नजर गेली. पुढच्याच वर्षी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, ते हिंदुस्थानच्या क्रिकेट संघाचे कर्णधार झाले. आमच्या कारागिराचा डोळाच काढावा लागला. लोकांच्या बोलण्यात दोघेही 'एका डोळ्याचे', पण कागदावर दोन प्रकार वेगळे.

हा फरक पैशाचा आहे. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या परिशिष्टात इजांची यादी आहे. दुसरा डोळा चांगला असताना एक डोळा गेला तर कमाईची ताकद ४० टक्के घटली असे धरतात. बुबुळ जागेवर असून फक्त नजर गेली तर ३० टक्के. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, तरी इजांची यादी ठेवून टक्के धरण्याची रीत तीच आहे.

आता हिशेब मांडू. कारागिराचे वय ४०, महिन्याची मजुरी १२,००० रुपये. मजुरीचे ६० टक्के म्हणजे ७,२००. चाळीस वर्षे वयाचा गुणक १८४.१७. गुणाकार १३,२६,०२४ रुपये. याचे ४० टक्के सुमारे ५,३०,४१० होतात आणि ३० टक्के सुमारे ३,९७,८०७. फरक १,३२,६०० रुपयांच्या वर. एवढ्या रकमेत गरिबाच्या मुलीचे लग्न होते.

भरपाई संकेतांकाकडे पाहून ठरत नाही, इजेच्या वर्णनावर ठरते, हेही ध्यानात ठेवा. पण अंक आणि वर्णन जुळले नाहीत की समोरचा वकील त्यावरच बोट ठेवतो.

आणखी एक गल्लत पुष्कळांची होते. भरपाईत ४० टक्के धरले म्हणून अपंगत्वाचा दाखलाही ४० टक्क्यांचा मिळेल असे नाही. त्या नियमात एक डोळा गेला आणि दुसरा चांगला असेल तर ३० टक्केच धरतात, आणि बहुतेक सरकारी सवलतींना ४० टक्के लागतात. दोन्ही हिशेब वेगळे ठेवावेत.

स्वतःचा माग किंवा ठेला चालवणाऱ्याला मालकच नाही, मग भरपाई कोण देणार? अशा बांधवांनी बँकेत प्रधानमंत्री सुरक्षा विमा घ्यावा. १८ ते ७० वयाच्या खातेदाराला जून २०२२ पासून वर्षाला २० रुपये पडतात. अपघातात एका डोळ्याची नजर कायमची गेली तर एक लाख रुपये मिळतात.

आमची विनंती एवढीच. दवाखाना सोडण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर आहेत का ते पाहा : कोणता डोळा, तो काढला की फक्त नजर गेली, आणि दुसऱ्या डोळ्याची नजर किती. शस्त्रक्रियेच्या नोंदीची नक्कल मागून घ्या. चूक असेल तर त्याच दिवशी लेखी अर्ज द्या. मालक बंधूंनीही धोटा अडवणारी जाळी लावून घ्यावी आणि कामगारांचा विमा उतरवावा. जाळीचा खर्च भरपाईपुढे काहीच नाही.

आमच्या कारागिराने शस्त्रक्रियेची नोंद जोडून अर्ज केला. दाखला दुरुस्त होऊन आला आणि भरपाई ४० टक्क्यांनी ठरली. त्याचा डोळा काही परत आला नाही. पण कष्टाचा हक्क एका ओळीच्या चुकीने बुडायचा होता, तो वाचला.