धाडीला कुणाला पाठवायचं?
डावपेचांचे खेळ : लेखांक सहावा

धाड घालण्याआधी खेळाडूच्या मनात एकच प्रश्न असतो : माझी माणसं परत येतील का? मागच्या लेखांकात आपण त्यावरचं ‘एक्सकॉम’चं उत्तर पाहिलं. नवख्या सैनिकाचा नेम ६५, आणि शत्रू पक्क्या आडोशाला असेल तर त्यातून ४० वजा. सैनिक मुरत गेला की नेम सुधारतो आणि धोका उतरतो. हिशेब स्वच्छ आहे, पण सगळेच मुरले की धाडीची नुसती वसुली होऊन बसते.

या अडचणीवरचं मला सर्वांत पटलेलं उत्तर १९९९ सालच्या ‘किंग ऑफ ड्रॅगन पास’मध्ये आहे. डेव्हिड डनहॅम यांच्या ‘ए शार्प’ने तो काढला; त्यातलं ग्लोरान्था हे जग ग्रेग स्टॅफर्ड यांनी रचलेलं. इथे तुम्ही एका टोळीचे कारभारी असता आणि श्रीमंती मोजायची ती गाईंत. आपल्याकडच्या वीरगळांवर गाई आणि त्यांच्यासाठी लढून पडलेला वीर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे जग परकं वाटणार नाही.

गुरं आणायचे दोन मार्ग. मोजकी माणसं घेऊन चोरपावलांनी जायचं आणि कळप हाकत आणायचा, नाहीतर उघड धाड घालायची. उघड धाडीत पोसलेले लढवय्ये किती, शेतकरी किती, मंत्रबळ किती खर्चायचं, लूट हवी की माणसं वाचवायची, हे सगळं आधी ठरवावं लागतं. माणसं वाढवली की बळ वाढतं, पण पेरणी-कापणीच्या ऋतूत तीच माणसं शेतात हवी असतात. जखमी बरे होईपर्यंत आपलं गाव उघडं, आणि ज्याला लुटलं तो शेजारी आता वैरी. धोक्याचा हा मोठा भाग रणांगणाबाहेरचा. तिथवर तलवारीचं कौशल्य पोचतच नाही.

टोळीचा कारभार सात जणांचं मंडळ पाहतं. कुणी लढाईत हुशार, कुणी सौद्यात, कुणी मंत्रतंत्रात. ही हुशारी आकड्यांत दिसत नाही. ‘बरा’, ‘चांगला’, ‘नामांकित’ अशा शब्दांत दिसते, गाव आपल्या माणसाविषयी बोलतं तशी. म्हणूनच ‘नामांकित’ योद्धा हरला तरी फसवणूक झाल्यासारखी वाटत नाही. आकड्याचं तसं नसतं. आपलं बळ तिप्पट असताना हरलं की खेळाडूंना तो अन्याय वाटतो, हा अनुभव सिड मायर यांनी २०१० साली गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये सांगितला होता.

पण या खेळाची खरी करामत ऐन लढाईत दिसते. मंडळातल्या एखाद्यापुढे अचानक प्रसंग उभा राहतो आणि काय करायचं ते तुम्ही ठरवता. त्याच्या कौशल्यावर निकाल फिरू शकतो, आणि तोच जखमी होऊ शकतो, मरू शकतो. टोळीची ढाल तोच आणि पणाला लागलेलं सर्वांत मोठं धनही तोच. त्याच्या जागी बसवलेल्या तरुणाला त्या तयारीला पोचायला वर्षं लागतात.

मागच्या महिन्यात माझ्या टोळीने अशीच एक धाड घातली. गाई आल्या. ‘नामांकित’ म्हातारा आला नाही. त्या हंगामात पुढची धाड घालायला माझा हात धजेना. शेजाऱ्याकडे भेटी पाठवल्या.

पुढच्या आठवड्यात ‘डार्केस्ट डंजन’. तिथे माणूस मरण्याआधी मनाने खचतो.