गुडघ्याला विचारून गाडी घ्या

पन्नाशी उलटली, मुलं आपापल्या वाटेला लागली, की पुष्कळांना तरुणपणातली मोटरसायकल आठवू लागते. मधली वीस-पंचवीस वर्षं एसटीत, रिक्षात किंवा दुसऱ्याच्या चारचाकीत गेलेली असतात. मीही त्यातलाच. माझी आपा बार्शीच्या अलीकडे, हमरस्त्यापासून आत असलेल्या गावात राहते. आता तिचं वय झालंय. सोलापूरहून साठ-पासष्ट किलोमीटरचं अंतर, पण एसटीच्या वेळा सांभाळता सांभाळता महिने निघून जातात. म्हणून पुन्हा मोटरसायकल घ्यावी असं मनात आलं. अडचण एकच, माझी उंची सहा फूट एक इंच आहे आणि गुडघे आता पूर्वीचे राहिलेले नाहीत.

उंच माणसाला लोक पहिला सल्ला देतात तो असा, ‘उंच गाडी घ्या.’ हा सल्ला अर्धाच खरा आहे. माहितीपत्रकात सीटची उंची छापलेली असते, ती जमिनीपासूनची. गाडी उभी असताना तुमचे पाय जमिनीला किती टेकतील, एवढंच त्या आकड्यावरून कळतं. पण प्रवासात पाय जमिनीवर नसतात, ते फुटरेस्टवर असतात. म्हणून खरं अंतर पाहायचं ते सीटपासून फुटरेस्टपर्यंतचं. हे अंतर कमी असलं की उंच माणसाचा गुडघा काटकोनापेक्षा जास्त दुमडतो आणि अर्ध्या तासात ठणकू लागतो. हा आकडा माहितीपत्रकात सहसा नसतो. तो बसूनच कळतो.

काही उदाहरणं घेऊ. आपल्याकडे घरोघरी दिसणाऱ्या स्प्लेंडरची सीट ७८५ मिलिमीटर उंच आहे. रॉयल एनफील्डच्या क्लासिक ३५०ची ८०५, तर मीटिऑरची त्याहून कमी म्हणजे ७६५. आकडा पाहून उंच माणूस मीटिऑरला नकार देईल. पण तिचे फुटरेस्ट पुढे आहेत, त्यामुळे पाय समोर पसरतात आणि गुडघा मोकळा राहतो. याउलट शर्यतीच्या धाटणीच्या गाड्यांची सीट उंच असूनही फुटरेस्ट वर आणि मागे असतात. तिथे उंच माणूस घडी घातल्यासारखा बसतो.

मात्र पाय पुढे पसरण्यालाही किंमत मोजावी लागते. शरीराचा बहुतेक भार माकडहाडावर येतो. खड्डा आला की फुटरेस्टवर जोर देऊन क्षणभर उठावं लागतं, ते पाय पुढे असले की नीट जमत नाही. मग हादरा सरळ कण्यातून वर चढतो. गुळगुळीत हमरस्त्यासाठी ही बैठक छान. आपाच्या गावासारख्या आतल्या रस्त्याला पाय साधारण शरीराच्या खाली असलेली बैठक बरी. त्यामुळे खडबडीत वाटांसाठी बनवलेल्या गाड्या उंच माणसाला बहुधा मानवतात. हीरोच्या एक्सपल्स २०० ४व्हीची सीट ८२५ मिलिमीटर आहे. २०२३ साली आलेल्या हिमालयन ४५०ची ८२५ असून ती ८४५पर्यंत वर घेता येते.

दोन माणसांची उंची सारखी असली तरी एकाचे पाय लांब असतात, दुसऱ्याचं धड. म्हणून आधी पायांचं माप घ्या. अनवाणी भिंतीला टेकून उभं राहायचं, एक जाड पुस्तक दोन्ही पायांच्या मध्ये वर टेकवून धरायचं आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजायचं. हे माप सीटच्या उंचीपेक्षा थोडं जास्त असलं की दोन्ही पाय टेकण्याची शक्यता चांगली. सीट रुंद असेल तर मात्र थोडी उंची त्यातच जाते. ज्याचं धड लांब आहे त्याला हँडल खाली आणि दूर वाटतं. मग मनगटं आणि मान दुखते.

शोरूममध्ये गेल्यावर घाई करू नका. कुणाला तरी गाडी सरळ धरायला सांगा, दोन्ही पाय फुटरेस्टवर ठेवा आणि दहा-पंधरा मिनिटं तसेच बसा. कोपर किंचित वाकलेलं राहतं का, पाहा. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा, ते गुडघ्याला लागता कामा नये. मऊ सीटला भुलू नका. फार मऊ सीट तासाभरात दबते आणि खालचा कठीण भाग टोचू लागतो. मागे बसणाऱ्या माणसालाही सोबत न्या आणि त्याला बसवून पाहा.

वजनाचा विचार तितकाच महत्त्वाचा. स्प्लेंडर सुमारे ११२ किलो, एक्सपल्स १६०च्या आसपास, क्लासिक आणि हिमालयन १९५च्या घरात. चालताना हे वजन जाणवत नाही. उतारावर लावलेली गाडी मागे ओढताना मात्र कंबर सांगते. म्हणून गाडी बंद ठेवून ती हाताने मागे-पुढे ढकलून पाहा.

बाकी छोट्या तक्रारींवर उपाय आहेत. हँडल इंचभर वर घेता येतं, पण त्यानंतर केबल आणि ब्रेकच्या नळ्या ताणल्या जात नाहीत ना, हे मिस्त्रीकडून तपासून घ्यावं. मागच्या शॉकॲबसॉर्बरची स्प्रिंग आपल्या वजनाप्रमाणे कमी-जास्त करता येते. सीटचा फोम बदलता येतो. फुटरेस्टची जागा बदलणं मात्र सोपं नाही, म्हणून गुडघ्याची परीक्षा आधी.

शेवटची गोष्ट परत येणाऱ्यांसाठी. जुन्या बुलेटचा गियर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला होता. येझदीचा गियर आणि किक एकाच दांडीवर. मेंदू विसरला तरी पाय विसरत नाहीत, आणि ऐनवेळी जुन्या जागी जोर देतात. आजचे डिस्क ब्रेक हलक्या बोटानेही जोरात लागतात. एप्रिल २०१९पासून १२५ सीसीहून मोठ्या नव्या गाड्यांना चाक लॉक होऊ न देणारी एबीएस यंत्रणा सक्तीची आहे. काही गाड्यांत ती फक्त पुढच्या चाकाला असते, म्हणून विचारून घ्या. परवानाही काढून पाहा. मुदत संपून वर्षाहून अधिक काळ झाला असेल तर पुन्हा चाचणी द्यावी लागते.

गाडी आली की पहिले काही दिवस पहाटे, मोकळ्या मैदानात किंवा रिकाम्या रस्त्यावर ब्रेक आणि गियरचा सराव करा. हेल्मेट तिथेही हवंच. लांबचा पल्ला त्यानंतर. वाटेत दर तासाला उतरून चार पावलं चाला, म्हणजे मुक्कामी पोचल्यावर गाडीवरून उतरायला कुणाचा हात धरावा लागणार नाही.