पहिल्या घंटेच्या आधी

सकाळचे सहा वाजलेत. एप्रिल लागल्यामुळे शाळा सकाळची झाली आहे. शहापूर तालुक्यातल्या एका पाड्यावर, नळाशेजारच्या ओट्यावर मी बसलो आहे. लोखंडी सांगाड्यावर काळी टाकी आहे. सौर पंपानं काल ऊन होतं तोवर ती भरली. खाली चार तोट्या. एक गळते, तिला कुणी चिंधी बांधली आहे.

पाचवीतली एक मुलगी कळशी घेऊन येते. तोटी सोडते, कळशी भरेपर्यंत ओल्या हातानं केस चापून बसवते आणि निघतेही. चार मिनिटं!

मागच्या उन्हाळ्यात हीच मुलगी मला खालच्या नदीपात्रात दिसली होती. कोरड्या वाळूत खणलेल्या डवऱ्यात वाकून ती करवंटीनं पाणी हंड्यात ओतत होती. दोन-चार करवंट्या झाल्या की डवरा आटायचा. मग पाणी पुन्हा पाझरेपर्यंत नुसतं बसून राहायचं. हंडा भरला की डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा, त्यावर कळशी, आणि टेकडीची चढण. रात्रभर साठलेलं पाणी पहाटे जो आधी येईल त्याचं. शाळेची घंटाही तेव्हाच. हजेरीपटावर तिच्या नावापुढे किती दिवस रिकामे गेले असतील! अशी मुलं शाळेतून सुटली की कागदोपत्री त्याला ‘गळती’ म्हणतात. त्या शब्दाचा मला राग येतो. ती कुठं गळली नव्हती, डवऱ्यापाशी वाट पाहत बसली होती.

तानसा आणि भातसा ही धरणं याच तालुक्यात आहेत. तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातं. त्याच पाण्यावर मी लहानाचा मोठा झालो. या पाड्यावर तोटी आली ती गेल्या जानेवारीत.

जलसुरक्षक येतात. खिशातून काचेची नळी आणि छोटी बाटली काढतात, तशी पोरं भोवती गोळा होतात. नळीत तोटीचं पाणी, वर बाटलीतल्या ओटी नावाच्या द्रावणाचे दोन-तीन थेंब.

‘‘पिवळं! पिवळं झालं!’’

पिवळं झालं म्हणजे टाकीत घातलेल्या टीसीएल पावडरमधल्या क्लोरिनचा अंश तोटीपर्यंत टिकला. पाणी प्यायला चालेल. रंग आला नसता तर पुन्हा पावडर कालवून वर चढावं लागलं असतं. तपासलेलं पाणी ते लांब फेकतात, कारण ते प्यायचं नसतं.

‘‘काका, आमच्या घरचं बघा ना,’’ एक पोरगा धावत जाऊन पेलाभर पाणी आणतो. थेंब पडतात. रंग येत नाही. पोराचा चेहरा उतरतो. काका विचारतात, हंड्यावर झाकण होतं का? पाणी ओगराळ्यानं काढलंस की पेला बुडवलास? पोरगा आपल्या बोटांकडे पाहतो. आज रात्री त्या घरात ओगराळ्यावरून भांडण होणार, आणि ते व्हायलाच हवं.

कडेला बसलेली एक आजी पोटरी उघडी करून दाखवते. घोट्यावर जुना, चकाकता वण आहे.

‘‘नारू व्हता. काडीला गुंडालत गुंडालत काढला. लई दिस गेलं.’’

पोरं डोळे विस्फारून ऐकतात. पायातून दोरा? पाण्यातून? त्यांना ते भुताच्या गोष्टीसारखं वाटतं. देशातला नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ साली आढळला. यांच्या आईबापांनाही तो नीट आठवत नसेल. पाणी गाळून प्यायचं, पायऱ्यांच्या विहिरीत पाय बुडवायचे नाहीत, एवढ्या साध्या गोष्टींनी तो गेला. जुलाब मात्र अजून गेलेले नाहीत. दर पावसाळ्यात एखादं घर तरी पोराला पाठीवर घेऊन दवाखाना गाठतं.

मी शाळेकडे चालू लागतो. ती पाचवीतली मुलगी माझ्याआधी पोचली आहे. वेणी घातलेली, नखं कापलेली. पायरीवर तिघींनी सागरगोटे मांडलेत. तिनं एक उंच उडवला आहे, आणि घंटा व्हायला अजून दहा मिनिटं आहेत.